बुद्धीचें मोजमाप

लंडन शहरीं १८८४ सालीं आरोग्यविषयक एक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलें होतें. त्यांत फ्रान्सिस गॉल्टन नांवाच्या विद्वान् गृहस्थानें आपलें एक लहानसें दालन उघडलें. तीन पेन्स दिले कीं कोणाहि प्रेक्षकास आंत जातां येई. तेथें त्याची उंची, पसरलेल्या हातांची लांबी, मुठीचा जोर, छातींत मावणारा श्वास, डोळ्यांची व कानांची तीक्ष्णता, इशारा होतांच हात हलविण्यास लागणारा वेळ, अशीं नाना प्रकारचीं मापें घेऊन तीं एका कागदावर लिहून त्याच्या हातीं देत. प्रदर्शन संपेपर्यंत ९,३३७ लोकांनीं पदरचे पैसे देऊन स्वतःस असें मोजून घेतलें! गिऱ्हाइकानें दुकानदारास दाम द्यावे आणि तराजूच्या पारड्यांत आपणच जाऊन बसावें, अशांतलाच हा प्रकार होता.

श्रोतेहो, या खटाटोपामागें गॉल्टनची एक समजूत होती. मनुष्याला जें ज्ञान होतें तें इंद्रियांच्या द्वारें होतें. तेव्हां ज्याचीं इंद्रियें अधिक तीक्ष्ण, त्याची बुद्धिहि अधिक तीक्ष्ण असली पाहिजे, असा त्याचा तर्क. हा गॉल्टन डार्विनचा नात्यानें भाऊ. कर्तृत्ववान् पुरुषांच्या वंशावळी जमवून, प्रतिभा ही रक्तांतूनच उतरते असें प्रतिपादन करणारा ग्रंथ त्यानें १८६९ सालींच लिहिला होता, आणि सुप्रजननशास्त्राला इंग्रजी नांव १८८३ मध्यें त्यानेंच दिलें. त्याचा कित्ता गिरवून जेम्स कॅटेल यानें अमेरिकेंत विद्यार्थ्यांच्या 'मानसिक कसोट्या' घेण्यास प्रारंभ केला. परंतु १९०१ सालीं कोलंबिया विद्यापीठांत क्लार्क विस्लर यानें त्या कसोट्यांचे आंकडे गणितानें ताडून पाहिले, तेव्हां असें दिसून आलें कीं, या मापांचा विद्यार्थ्यांच्या कॉलेजांतील गुणांशीं म्हणण्यासारखा संबंध नाहीं, आणि एका मापाचा दुसऱ्या मापाशींहि फारसा नाहीं. कान तिखट असला म्हणून डोकें तिखट असतें असें नव्हे, एवढेंच त्यांतून निष्पन्न झालें.

मूळ अडचण अर्थात् निराळीच होती. मोजावयाचें काय, हेंच ठरलेलें नव्हतें. आपल्या मराठींत या एका गोष्टीसाठीं किती शब्द आहेत पाहा: अक्कल, हुशारी, समज, शहाणपण, चातुर्य, मेधा, प्रज्ञा. हुशार मुलगा शहाणा असतोच असें नाहीं; आणि एखाद्यास 'मोठा शहाणा' म्हटलें तर त्याला राग येतो. भाषेनें हे भेद पिढ्यान् पिढ्या जपून ठेवले. मोजणाऱ्यांना मात्र त्या सर्वांच्या ऐवजीं एकच अंक हवा होता.

ज्या गृहस्थानें या प्रश्नाला नवें वळण लावलें, तो मात्र असा अंक शोधावयास निघालेला नव्हता. आल्फ्रेद बिने हा १८५७ सालीं नीस येथें जन्मलेला फ्रेंच मानसशास्त्रज्ञ. तरुणपणीं तो संमोहनविद्येच्या नादीं लागला होता. पॅरिसच्या एका प्रसिद्ध रुग्णालयांत आपण व आपल्या सहकाऱ्यानें पाहिलेले चमत्कार हे वास्तविक रोग्यांना नकळत दिलेल्या सूचनांचेच परिणाम होते, हें त्याला पुढें जाहीरपणें कबूल करावें लागलें. या फजितीनें तो जन्माचा सावध झाला. पुढें शाळेंतील मुलांचीं डोकीं मोजून बुद्धीचा अंदाज घेतां येतो कीं काय, हेंहि त्यानें पाहिलें. हुशार व मठ्ठ मुलांच्या डोक्यांतील अंतर इतकें क्षुल्लक निघालें कीं, तें व्यवहारांत निरुपयोगी होतें. शिवाय मोजणाऱ्याच्या मनांत जी अपेक्षा असते ती त्याच्या हातून मापांत उतरते, असा संशय त्याला स्वतःविषयींच आला, आणि तो त्यानें छापूनहि टाकला. शास्त्रज्ञाच्या अंगीं असा संशय असणें ही मोठी दुर्मिळ गोष्ट आहे.

त्याच सुमारास घरीं त्याच्या दोन मुली वाढत होत्या, मादलेन आणि आलीस. बापानें त्यांना शेंकडों प्रश्न विचारले, त्यांच्याकडून शब्द लिहवून घेतले, वस्तूंचीं वर्णनें करवलीं. एक मुलगी वस्तूकडे नेमकेपणानें पाही. दुसरी कल्पनेंत रमे. दोघींमध्यें अधिक बुद्धिमान् कोण, हा प्रश्नच तेथें गैरलागू होता. १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत या मुली टोपणनांवांनीं येतात.

फ्रान्समध्यें १८८२ च्या कायद्यानें प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें होतें. सगळींच मुलें शाळेंत येऊं लागलीं, तेव्हां त्यांतलीं कांहीं मागें पडतात हेंहि प्रथमच सर्वांच्या नजरेस आलें. अशा मुलांसाठीं स्वतंत्र वर्ग काढावयाचे. पण त्यांत घालावयाचें कोणाला? मास्तरांवर सोपवावें, तर वर्गांत दंगा करणारा मुलगा पहिल्याप्रथम बाहेर घालवला जाईल. डॉक्टरांवर सोपवावें, तर एकाच मुलाला तीन डॉक्टर तीन नांवें देत. म्हणून १९०४ मध्यें शिक्षणमंत्र्यांनीं एक समिति नेमली. बिने तिचा सभासद होता. मनोरुग्णालयांत काम करणाऱ्या तेओदोर सिमाँ या तरुण डॉक्टराच्या साह्यानें त्यानें १९०५ सालीं तीस प्रश्नांची एक श्रेणी तयार केली.

हे प्रश्न ऐकले म्हणजे त्यांच्या साधेपणाचें नवल वाटतें. जळती कांडी डोळ्यांसमोरून नेली तर मूल तिच्यामागें नजर फिरवितें काय? चॉकोलेटचा तुकडा आणि लांकडाचा तुकडा यांतला खाण्याचा कोणता, हें त्याला कळतें काय? तीन आंकडे ऐकून तें परत म्हणूं शकतें काय? माशी आणि फुलपाखरूं यांत फरक काय? कागद आणि पुठ्ठा यांत काय? गॉल्टनच्या दालनांतील घड्याळें व तराजू येथें कोठेंच नव्हते. बिनेच्या मतें बुद्धीचा गाभा म्हणजे तारतम्य, व्यवहारज्ञान, पुढाकार, परिस्थितीशीं जुळवून घेण्याची शक्ति. आणि ती पाहावयाची तर मुलाला कांहीं तरी समजून घ्यावयास व ठरवावयास लावलें पाहिजे.

१९०८ सालीं त्यानें हे प्रश्न वयवार लावले. एखाद्या वयाचीं साधारण तीन चतुर्थांश मुलें जो प्रश्न सोडवितात, तो त्या वयाचा प्रश्न. आठ वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्याच प्रश्नांपर्यंत पोंचला, तर तो दोन वर्षें मागें आहे असें समजावयाचें. 'मानसिक वय' ही कल्पना येथून निघाली. पण बिनेनें तिच्याभोंवतीं कुंपणें घालून ठेवलीं होतीं. लांबी मोजावी तशी बुद्धि मोजतां येत नाहीं, कारण तिचे गुण एकावर एक ठेवून जुळवतां येत नाहींत, हें त्यानें बजावलें. त्याच्या श्रेणीचा उपयोग मदत कोणाला हवी हें ठरविण्यापुरता होता. जन्मजात योग्यता ठरविण्यासाठीं नव्हे. बुद्धि ही जन्मभर वाढत नसलेली ठेव आहे असें मानणाऱ्यांवर त्यानें १९०९ च्या आपल्या पुस्तकांत सडकून टीका केली, आणि मंद मुलांचें लक्ष, स्मरण व निश्चय वाढविणारे व्यायाम सुचविले. वांकडें हाड सरळ करावें तसें मनाला वळण लावावयाचें, अशी त्याची भूमिका होती. श्रेणीची शेवटची आवृत्ति १९११ सालीं निघाली, आणि त्याच वर्षीं बिने वारला. वय अवघें चौपन्न.

तो गेला आणि कुंपणें मोडलीं.

पहिला बदल दिसावयास निव्वळ अंकगणिताचा होता. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यानें १९१२ मध्यें म्हटलें कीं, वयांची वजाबाकी करणें योग्य नव्हे, भागाकार करावा. चार वर्षांचें मूल दोन वर्षें मागें असणें आणि बारा वर्षांचें मूल दोन वर्षें मागें असणें, या दोन गोष्टी सारख्या नाहींत. हें खरेंच आहे. मानसिक वयास खऱ्या वयानें भागलें म्हणजे पहिल्याचा आंकडा एक द्वितीयांश येतो आणि दुसऱ्याचा पांच षष्ठांश. पुढें १९१६ सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुइस टर्मन यानें या भागाकाराला शंभरानें गुणलें, आणि पन्नास, त्र्याऐंशीं, शंभर असे सुटसुटीत अंक तयार झाले. हाच बुद्धिगुणांक. 'दोन वर्षें मागें आहे' या वाक्यांत तें अंतर भरून निघण्याची आशा आहे. 'त्र्याऐंशींचा आहे' या वाक्यांत ती उरत नाहीं. माझ्या मतें या शास्त्राच्या इतिहासांतील सर्वांत दूरगामी गुणाकार हाच होय.

दुसरा बदल हेतूंतला होता. न्यू जर्सींतील व्हाइनलंड येथें मंदबुद्धि मुलांच्या संस्थेंत काम करणाऱ्या हेन्री गॉडार्डनें बिनेची श्रेणी इंग्रजींत आणली. ती त्यानें वर्गांसाठीं न वापरतां माणसांच्या प्रती लावण्यासाठीं वापरली, आणि प्रौढपणींहि ज्यांचें मानसिक वय आठ ते बारांच्या दरम्यान अडकलें आहे, त्यांच्यासाठीं १९१० मध्यें ग्रीक शब्दावरून एक नवें नांव काढलें. तें आज इंग्रजींत शिवी म्हणूनच उरलें आहे. हें न्यून रक्तांतून उतरतें, सबब अशा माणसांना संतति होऊं देऊं नये, असा त्याचा निष्कर्ष.

पहिल्या महायुद्धांत अमेरिका उतरली, तेव्हां रॉबर्ट यर्क्सच्या नेतृत्वाखालीं सुमारें सतरा लक्ष सैनिकांची परीक्षा झाली. अक्षरओळख असलेल्यांसाठीं एक प्रश्नपत्रिका, नसलेल्यांसाठीं चित्रांची दुसरी. चित्रांत उणें काय तें दाखवावयाचें: टेनिसच्या पटांगणांतलें जाळें, ग्रामोफोनचा कर्णा! सिसिलींतल्या एखाद्या खेड्यांतून नुकत्याच आलेल्या शेतकऱ्यानें गर्दीच्या खोलींत, खाणाखुणांनीं दिलेला हुकूम कसाबसा समजून घेऊन, हा कर्णा ओळखावयाचा होता. गोऱ्या सैनिकांचें सरासरी मानसिक वय तेरा निघालें. राष्ट्राचा सरासरी प्रौढ मनुष्य तेरा वर्षांचा, असा गवगवा झाला. सरासरी मनुष्य सरासरीहून इतका खालीं कसा जाऊं शकेल, असा साधा प्रश्न वॉल्टर लिपमन या पत्रकारानें १९२२ मध्यें विचारला.

परदेशांतून आलेल्या सैनिकांचे आंकडे तर अधिकच बोलके होते. अमेरिकेंत येऊन जितकीं वर्षें अधिक झालीं, तितके गुण अधिक. वीस वर्षें राहिलेले लोक तेथेंच जन्मलेल्यांच्या बरोबरीला येत. कोणीहि म्हणेल कीं, भाषेची व चालीरीतींची ओळख वाढली तसे गुण वाढले. कार्ल ब्रिगहॅम यानें १९२३ च्या आपल्या ग्रंथांत उलट अर्थ काढला, तो असा कीं, अलीकडे येणारे लोकच हलक्या वंशाचे. पुढल्याच वर्षीं, १९२४ मध्यें, दक्षिण व पूर्व युरोपांतील लोकांना जवळजवळ दार बंद करणारा कायदा झाला. त्या कायद्यावर या आंकड्यांचा परिणाम किती, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. ब्रिगहॅमनें १९३० मध्यें आपले निष्कर्ष स्वतःच मागें घेतले. कायदा मात्र राहिला.

परंतु या अंकाचा खरा अर्थ कळावयाचा तर एका मुलीची हकीकत ऐकली पाहिजे. व्हर्जिनिया राज्यांत कॅरी बक नांवाची एक गरीब मुलगी परक्या घरीं वाढत होती. शाळेंत तिची प्रगति इतर मुलींसारखीच होती. त्या कुटुंबाच्या एका नातेवाइकानें तिच्यावर बलात्कार केला आणि तिला दिवस गेले. कुटुंबानें आपली अब्रू राखण्यासाठीं मुलीलाच मंदबुद्धि ठरवून सरकारी वसाहतींत पाठविलें. तिची आईहि तेथेंच होती. बिनेच्या श्रेणीनें आईचें मानसिक वय सात वर्षें अकरा महिने भरलें आणि कॅरीचें नऊ वर्षें. तिसरी पिढी म्हणजे तिची तान्ही मुलगी. तिची परीक्षा काय घ्यावयाची? ती अवघ्या सातआठ महिन्यांची असतां एका समाजसेविकेनें तिच्याकडे पाहून, हिच्यांत कांहीं तरी कमी वाटतें, असें मत दिलें.

१९२४ च्या कायद्याप्रमाणें कॅरीला वंध्य करण्याचें ठरलें. अपील थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि २ मे १९२७ रोजीं आठ विरुद्ध एक मतानें शस्त्रक्रियेस मान्यता मिळाली. निकाल लिहिणारे न्यायमूर्ति ऑलिव्हर वेंडेल होम्स हे उदारमतवादी म्हणून गाजलेले. अशा तीन पिढ्या झाल्या तेवढ्या पुरेत, या अर्थाचें त्यांचें वाक्य कुप्रसिद्ध आहे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत शस्त्रक्रिया झाली. तान्ही मुलगी पुढें शाळेंत गेली, १९३१ मध्यें तिचें नांव चांगल्या विद्यार्थ्यांच्या यादींत लागलें, आणि दुसऱ्या वर्षीं ती आजारानें वारली. वय आठ वर्षें. व्हर्जिनियाचा कायदा १९७४ मध्यें रद्द होईपर्यंत तेथें आठ हजारांहून अधिक माणसांवर अशी शस्त्रक्रिया झाली. जर्मनींत नाझी राजवटीनें १९३३ मध्यें असाच कायदा केला, आणि युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथें आरोपींच्या वतीनें या अमेरिकन निकालाचा दाखला देण्यांत आला. कॅरी बक १९८३ पर्यंत जगली. तिला पुढें भेटलेल्या लोकांना तिच्यांत मंदपणाची खूण आढळली नाहीं. ती नियमानें वर्तमानपत्र वाचीत असे.

आणि हें सर्व चाललें असतां बुद्धि म्हणजे काय, हें ठरलें होतें काय? एका अमेरिकन शैक्षणिक मासिकानें १९२१ सालीं नामांकित मानसशास्त्रज्ञांना हाच प्रश्न घातला. चौदा उत्तरें आलीं, आणि चौदांचीं तोंडें अनेक दिशांना. कोणी अमूर्त विचार करण्याची शक्ति म्हणे, कोणी परिस्थितीशीं जुळवून घेणें, कोणी शिकण्याची पात्रता. दोन वर्षांनीं एडविन बोरिंग यानें सोपी वाट काढली: बुद्धीच्या कसोट्या जें मोजतात ती बुद्धि. हें ऐकून हंसूं येतें खरें, पण त्यांत एक प्रामाणिकपणा आहे. इंग्लंडांत चार्ल्स स्पिअरमननें १९०४ सालींच दाखविलें होतें कीं, एका विषयांत बरा असलेला मुलगा बहुधा दुसऱ्यांतहि बरा निघतो, आणि या सर्वांमागें एक सामान्य शक्ति असावी. ही सहचारिता आजवर पुनःपुन्हा आढळली आहे, तेव्हां ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. शाळेंतील यशाचा अंदाजहि या कसोट्या बऱ्यापैकीं देतात. प्रश्न त्या आंकड्याच्या अर्थाचा आहे. त्यावर शिकागोच्या थर्स्टननें १९३८ मध्यें एका शक्तीऐवजीं सात मांडल्या, आणि तो वाद अद्यापि मिटलेला नाहीं. भागाकाराची जुनी रीत मात्र गेली. न्यूयॉर्कच्या डेव्हिड वेक्स्लरनें १९३९ मध्यें घालून दिलेल्या पद्धतीनें आतां प्रत्येकाची तुलना त्याच्याच वयाच्या लोकांशीं करतात. सरासरी शंभर धरलेली असते.

अशी तुलना करावयाची तर ते लोक कोणते आणि केव्हांचे, हा प्रश्न आलाच. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागांत मराठी व कानडी मुलांसाठीं बिनेच्या श्रेणीचें जें रूपांतर केलें, त्याचें महत्त्व येथें आहे. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. असें रूपांतर म्हणजे भाषांतर नव्हे. पॅरिसच्या मुलाला सहाव्या वर्षीं जें येतें, तें आपल्या मुलाला कोणत्या वर्षीं येतें, हें आपल्याच मुलांना विचारून नव्यानें ठरवावें लागतें. नागपूरच्या आर्थर मालिन यांनीं वेक्स्लरच्या कसोटीचें भारतीय मुलांसाठीं असेंच रूपांतर १९६९ मध्यें केलें.

परंतु असें ठरविलेलें प्रमाण टिकतें किती दिवस? न्यूझीलंडमधील जेम्स फ्लिन यांनीं १९८४ व १९८७ सालीं जुने आंकडे एकत्र करून दाखविलें कीं, देशोदेशीं दर दहा वर्षांस सुमारें तीन गुणांनीं लोकांचे अंक वाढत गेले आहेत. हॉलंडमध्यें तर सैन्यांत भरती होणाऱ्या तरुणांचा अंक १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत वीस गुणांनीं चढला. तेवढ्या अवधींत रक्त बदलत नाहीं. मग आपले पणजोबा मंदबुद्धि होते काय? फ्लिन यांनीं उत्तरासाठीं अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाकडे बोट दाखविलें. लुरियानें १९३१-३२ सालीं उझबेकिस्तानांत निरक्षर शेतकऱ्यांसमोर हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि लांकडाचा ओंडका हीं चित्रें ठेवून वेगळें कोणतें तें विचारलें. शाळेंत गेलेला मनुष्य तात्काळ ओंडका बाजूला काढतो, कारण बाकीचीं अवजारें. शेतकरी म्हणत कीं, चारीहि एकत्रच हवींत. ओंडका नसेल तर करवत आणि कुऱ्हाड घेऊन करावयाचें काय? कसोटीच्या दृष्टीनें हें उत्तर चूक. ज्याला थंडीपूर्वीं सरपण जमवावयाचें आहे, त्याच्या दृष्टीनें तेंच बरोबर. शाळा, छापील कागद व यंत्रें यांनीं विचाराची जी एक विशिष्ट संवय लावली, तीच या वाढत्या अंकांत दिसते, असें फ्लिन यांचें म्हणणें.

यावरून व्यवहारांत एक गोष्ट निघते. जुन्या पिढीच्या प्रमाणावर नव्या पिढीचें मूल मोजलें तर अंक फुगतो. कामतांची श्रेणी आपल्या देशांत अजूनहि अनेक ठिकाणीं वापरतात, आणि मतिमंदत्वाचा दाखला व त्यावर अवलंबून असलेलें साहाय्य देतांना अशा कसोट्यांचा अंकहि पाहतात. चारदोन गुणांच्या फुगवट्यानें, ज्याला मदत हवी असें मूल रेषेच्या पलीकडे जाऊं शकतें. आणि बिनेनें तर आपली श्रेणी अशाच मुलांसाठीं केली होती.

रेषेवरचे हे चारदोन गुण किती भारी पडूं शकतात, तें अमेरिकेंत दिसून आलें. ज्या व्हर्जिनियानें कॅरी बकला वंध्य केलें, त्याच राज्यांत खुनाबद्दल फांशीची शिक्षा झालेल्या डॅरिल ॲटकिन्स याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं ठरविलें कीं, मतिमंद माणसास देहान्त शिक्षा देतां येणार नाहीं. त्याचा अंक प्रथम ५९ भरला होता. पुढच्या परीक्षांत ७४ आणि ७६ भरला. रेषा बहुधा सत्तरावर. फ्लोरिडा राज्यानें तर सत्तराच्या वर एक गुण असला तरी पुढचा पुरावाच ऐकावयाचा नाहीं, असा नियम केला. फ्रेडी ली हॉल या कैद्याचा अंक होता ७१. त्याच्या अपिलांत सर्वोच्च न्यायालयानें २०१४ च्या मे महिन्यांत, पांच विरुद्ध चार मतांनीं, तो नियम मोडून काढला. या कसोट्यांच्या मापांत कांहीं गुणांची चूक नेहमींच संभवते, हें त्या रचणारे स्वतः सांगत असतां न्यायालयांनीं तें ऐकलें पाहिजे, असें बहुमताचें म्हणणें पडलें. हॉलची फांशी २०१६ मध्यें रद्द झाली.